सिंटिलेटर पट्टीचं टायमिंग ३०० पिकोसेकंद, तर म्यूऑनची जागा किती सेंटिमीटरपर्यंत कळते?

बालाघाटी
नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईत एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी लॅबमध्ये प्लास्टिक सिंटिलेटरची एक मीटर लांब पट्टी लावलीय, दोन्ही टोकांना एकेक फोटोमल्टिप्लायर (प्रकाशाचा विजेचा सिग्नल करणारी नळी). वरून येणारा कॉस्मिक म्यूऑन (अवकाशातल्या किरणांमुळे तयार होणारा कण) पट्टीतून आरपार गेला की प्रकाश निघतो, दोन्हीकडे धावतो, आणि जे टोक जवळ तिथे आधी पोचतो. दोन टोकांच्या वेळेतल्या फरकावरून म्यूऑन पट्टीत कुठे शिरला ते काढायचं आहे.

आमचं टायमिंग रिझोल्यूशन, म्हणजे वेळ मोजण्यातली अनिश्चितता, ३०० पिकोसेकंद (०.३ नॅनोसेकंद) येतंय. मित्र म्हणतो, प्रकाश नॅनोसेकंदात ३० सेंमी जातो, म्हणून जागेचं रिझोल्यूशन ९ सेंमी. मला वाटतं पट्टीत प्रकाश हळू जातो, म्हणजे साडेचारच्या आसपास. सिनियर ताई म्हणतात ३.३. तीन माणसं, तीन उत्तरं. रिपोर्टात कोणता आकडा लिहू? आणि तोच का, हे कळलं तर जास्त बरं.

खडूफळा
वाचतोय. जिंतूरकडच्या जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवतो. हे पोरांना दाखवण्यासारखं काहीतरी दिसतंय.

गोदाकाठ
बालाघाटी, आकडा सांगण्याआधी दोन प्रश्न. ३०० पिकोसेकंद हे सिग्मा (प्रमाण विचलन) आहे की वेळांच्या आलेखाची अर्ध्या उंचीवरची रुंदी? दोन्हींत २.३५५ पटीचा फरक असतो. आणि ते एका टोकाचं आहे की दोन टोकांच्या फरकाचं? या दोन गोष्टी न सांगता टायमिंगचा आकडा लिहिणं म्हणजे एकक न लिहिता वजन सांगणं. मोठमोठ्या रिपोर्टांतही हा घोळ बघितलाय, म्हणून आधी विचारतो.

बालाघाटी
सर, पट्टीच्या मधोमध वर आणि खाली छोटे सिंटिलेटर ठेवून ट्रिगर (म्यूऑन आल्याची खूण) घेतला. मग दोन टोकांच्या वेळेतल्या फरकाचा हिस्टोग्रॅम काढला. अर्ध्या उंचीवर रुंदी बरोबर १ नॅनोसेकंद. त्याला २.३५५ ने भागलं, ०.४२५ आलं. दोन्ही टोकं सारखीच धरून √२ ने भागलं, ०.३० आलं. म्हणजे ३०० पिकोसेकंद हा एका टोकाचा सिग्मा.

गोदाकाठ
उत्तम. मग ताईंचं बरोबर आहे. सावकाश बघू.

म्यूऑन मध्यापासून उजवीकडे काही सेंमी सरकला, तर उजव्या टोकाचा प्रकाशाचा रस्ता तेवढ्याने कमी होतो आणि डाव्याचा तेवढ्यानेच वाढतो. म्हणजे फरक दुप्पट बदलतो. म्हणून जागा = वेग × वेळेतला फरक ÷ २. इथला वेग पोकळीतला नाही. प्लास्टिकचा अपवर्तनांक सुमारे १.५८, त्यामुळे आतला प्रकाश नॅनोसेकंदाला १९ सेंमी जातो. पण तो सरळ कुठे जातो? बाजूंवर आपटत, तिरका जातो. पट्टीच्या लांबीच्या दिशेने बघितलं तर पदरात १५-१६ सेंमीच पडतात. १५.५ धरा. त्याचं निम्मं ७.७५. फरकाचा सिग्मा ०.४२५. गुणाकार ३.३ सेंमी.

तुमच्या मित्राने वेगही चुकीचा धरला आणि निम्मंही केलं नाही. तुम्ही वेग बरोबर धरला, पण एकाच टोकाचा विचार केला: १५.५ गुणिले ०.३ म्हणजे ४.६५. दोन टोकं मोजली की त्याला √२ ने भागायचं, कारण चूक √२ पटीने वाढते पण सरकणं दुपटीने दिसतं.

रेल्वेपटरी
एक शंका. आपल्याकडे ट्रिगर आहेच की. म्यूऑन नेमका कधी आला ते त्यावरून कळतं. मग एकाच टोकाच्या वेळेवरून जागा निघेल ना? दुसरा फोटोमल्टिप्लायर कशाला? गरीब लॅबला तो फार महाग पडतो.

गोदाकाठ
निघते, पण दोन ठिकाणी मार बसतो. निम्मं करण्याचा फायदा जातो, आणि ट्रिगरची स्वतःची अनिश्चितता हिशेबात येते. ट्रिगर अगदी अचूक धरला तरी ४.६५ च्या खाली येत नाही. दोन टोकांच्या पद्धतीत ट्रिगरची वेळ वजाबाकीत पूर्ण निघून जाते, हे तिचं मोठं सौंदर्य. आणि त्याच दोन वेळांची बेरीज केली तर जागा निघून जाते आणि म्यूऑनची वेळ उरते. फरकातून कुठे, बेरजेतून कधी. दोनच आकडे आणि दोन्ही उत्तरं. मला इतक्या वर्षांनीही याचं अप्रूप वाटतं.

पैठणी
गोदाकाठ यांनी सांगितलेलंच जरा पुढे नेते. मी पैठणची, सध्या युरोपात सिलिकॉन डिटेक्टरवर पीएच.डी. करतेय.

या धाग्याचा गाभा माझ्या मते एवढाच: वेळेचं अंतरात रूपांतर करणारा वेग तुमच्या डिटेक्टरमधल्या संदेश नेणाऱ्याचा असतो, कणाचा नाही. घड्याळ एकच ठेवा. एका सेकंदात बैलगाडी मीटरभर सरकते आणि एसटी वीस मीटर. एका सेकंदाची चूक झाली तर बैलगाडीची जागा मीटरभर चुकते, एसटीची वीस मीटर. तसंच इथे. वाहक जितका हळू, तितकी त्याच घड्याळातून जागा बारीक कळते.

ड्रिफ्ट चेंबर बघा. तिथे वायूतून इलेक्ट्रॉन सरकतात, मायक्रोसेकंदाला सुमारे ५ सेंमी. म्हणजे नॅनोसेकंदाला ५० मायक्रॉन! बालाघाटींच्या पट्टीत एक नॅनोसेकंद म्हणजे पावणेआठ सेंमी, आणि तिथे केसाच्या जाडीइतकं. शार्पाक यांनी १९६८ मध्ये अनेक तारांचं चेंबर आणलं, १९९२ चं नोबेल त्यांना मिळालं. त्या तारांच्या पाठोपाठ ड्रिफ्टची वेळ मोजायची पद्धत आली आणि जागा तारांमधल्या अंतरापेक्षा कितीतरी बारीक कळू लागली.

रेल्वेपटरी
मग सगळ्यांनी हळूच वाहक घ्यावा की! पिकोसेकंदांच्या मागे एवढा खर्च कशाला करायचा?

पैठणी
हळू वाहकाची किंमत मोजावी लागते. इलेक्ट्रॉन जितका वेळ सरकतो तितका वायूच्या रेणूंवर आपटून पसरत जातो. १ नॅनोसेकंदाऐवजी ०.१ मोजलं म्हणून ५ मायक्रॉन मिळत नाहीत. पसरणं आडवं येतं आणि गाडी शंभर मायक्रॉनच्या आसपास अडते. वेग तापमान, दाब, वायूचं मिश्रण यांवर बदलतो, तो सतत मोजत राहावा लागतो. आणि पहिल्या कणाचे इलेक्ट्रॉन सरकत असतानाच दुसरा कण येऊन टपकतो. सर्न या युरोपातल्या कण-प्रयोगशाळेच्या ॲलिस प्रयोगात ड्रिफ्टची लांबी अडीच मीटर आहे, तिथे शेवटचा इलेक्ट्रॉन पोचायला ९० मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात.

उलटं टोकही सांगते. सर्नच्या एलएचसी या कण आदळवणाऱ्या यंत्राच्या पुढच्या टप्प्यासाठी ३० पिकोसेकंद मोजणारे डिटेक्टर तयार होताहेत. ऐकायला जबरदस्त, पण प्रकाशाच्या वेगाने ३० पिकोसेकंद म्हणजे ९ मिलिमीटर. सिलिकॉनचे पिक्सेल तर जागा दहा-वीस मायक्रॉनपर्यंत सहज सांगतात. म्हणून तिथे वेळ जागा काढायला वापरत नाहीत. एकाच वेळी १४० ते २०० टकरी होतात, काही सेंटिमीटरच्या पट्ट्यात दाटीवाटीने. जागेने जवळ असलेल्या दोन टकरी वेळेने वेगळ्या काढता येतात. तिथे वेळ हा जागेच्या तीन आकड्यांच्या जोडीला चौथा आकडा आहे.

नळीकॅमेरा
मी संभाजीनगरला पेट-स्कॅनवर तंत्रज्ञ आहे, रोज हाच हिशेब बघतो. आमच्याकडे शरीरातून ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा विरुद्ध दिशांना निघतात. ते हवेतून आणि पेशींतून जवळपास प्रकाशाच्याच वेगाने येतात, त्यामुळे इथे पूर्ण ३० सेंमी धरावे लागतात. जागा = ३० × फरक ÷ २. मशीनचं टायमिंग २०० पिकोसेकंद म्हणजे ३ सेंमी. आणि आमच्यात हा आकडा नेहमी अर्ध्या उंचीवरच्या रुंदीचा सांगतात, सिग्माचा नाही. गोदाकाठ सरांचा पहिला प्रश्न म्हणून फार महत्त्वाचा.

लोक विचारतात, ३ सेंमी कळून उपयोग काय, गाठ तर ६-७ मिलिमीटरची पण दिसते. ती बारकाई गॅमा टिपणाऱ्या क्रिस्टलच्या आकारातून येते. वेळेचा उपयोग असा की गॅमा पूर्ण रेषेवर कुठेही निघाला असेल असं धरण्याऐवजी ३ सेंमीच्या तुकड्यातच निघाला असं धरता येतं. चित्रातला गोंगाट कमी होतो. जाड पेशंटमध्ये फायदा जास्त दिसतो. कमी औषधात किंवा कमी वेळात काम भागतं, आणि बाहेरगावाहून पहाटे निघून उपाशीपोटी आलेल्या माणसाला टेबलावर दहा मिनिटं कमी झोपावं लागणं ही लहान गोष्ट नाही.

हिंगोलीकर
लै भारी धागा. मी औंढ्याजवळचा. आमच्याकडं दुधाळ्याच्या शिवारात लायगोचं, म्हंजी गुरुत्वीय लहरी पकडायच्या केंद्राचं, काम व्हायलंय. एप्रिल २०२३ ला केंद्रानं मंजुरी दिली, २६०० कोटीचा प्रकल्प. गावात पाव्हणे आले की विचारतेत, अमेरिकेत दोन आहेत, मग इथं तिसरं कामून? त्याचं उत्तर ह्याच हिशेबात आहे का?

गोदाकाठ
अगदी ह्याच हिशेबात आहे, हिंगोलीकर. फक्त पट्टीच्या जागी पृथ्वी.

१४ सप्टेंबर २०१५ ला पहिली गुरुत्वीय लहर सापडली तेव्हा ती अमेरिकेतल्या दोन केंद्रांपैकी लिव्हिंग्स्टनला आधी लागली आणि सुमारे ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. दोन्हींत अंतर तीन हजार किलोमीटर, म्हणजे फरक जास्तीत जास्त १० मिलिसेकंद येऊ शकतो. लहर प्रकाशाच्या वेगाने येते. वेळेत ०.१ मिलिसेकंदाची चूक म्हणजे ३० किलोमीटर, आणि ३० ला ३००० ने भागलं की दिशेची चूक आली: एक शतांश रेडियन, अर्ध्या अंशाहून थोडी जास्त. पण दोनच केंद्रं असली तर दिशा आकाशात एका वर्तुळावर कुठेतरी, एवढंच कळतं. त्या पहिल्या वेळी आकाशाचा ६०० चौरस अंशांचा पट्टा मिळाला होता. १७ ऑगस्ट २०१७ ला इटलीतलं व्हर्गो सोबत होतं, तेव्हा तो पट्टा २८ चौरस अंशांवर आला, आणि लहर जिथून आली ती आकाशगंगा दुर्बिणींनी शोधूनही काढली.

औंढ्यापासून अमेरिकेतल्या दोन्ही केंद्रांचं सरळ अंतर दहा हजार किलोमीटरहून जास्त. भागाकारातला खालचा आकडा तिपटीहून मोठा होतो, दिशेची चूक तेवढीच लहान. पाव्हण्यांना हे सांगा.

हिंगोलीकर
सांगतो की! नागनाथाच्या दर्शनाला येणाऱ्यांना बी सांगतो.

मांजराकाठ
अवांतर आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी लातूर जिल्ह्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही सगळे अंगणात धावलो होतो. सकाळी रेडिओवर केंद्र कुठे ते सांगत होते आणि आजोबा विचारत होते, जमिनीच्या पोटातलं यांना कसं कळलं? पुढे भूगोल शिकवायला लागल्यावर उत्तर मिळालं. भूकंपाची प्राथमिक लहर सेकंदाला ६ किलोमीटरच्या आसपास जाते, दुय्यम साडेतीनच्या. एकाच केंद्रावर दोघींच्या पोचण्यात जेवढे सेकंद जातील, त्याच्या आठ-साडेआठ पट किलोमीटरवर भूकंप. तीन केंद्रांची तीन वर्तुळं काढली की जागा सापडते. दहावीला मी हे परकारने काढून घेते. वेळ वाचण्यात ०.१ सेकंद चुकला की जागा पाऊण-एक किलोमीटर सरकते, तेही मुलींना करून बघायला लावते.

पैठणी
मांजराकाठ ताई, हे अवांतर नाहीच. वेग वेगळे आणि घड्याळ वेगळं, हिशेब तोच.

खडूफळा
ताईंचं वाचून सुचलं आणि काल शाळेत करून बघितलं. लॅपटॉपला दोन माइक लांब वायरीने जोडले, एक डावा चॅनेल, एक उजवा. दहा मीटर व्हरांड्याच्या दोन टोकांना ठेवले. मध्ये कुठेतरी पोराने टाळी वाजवायची आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन चॅनेलच्या टाळ्यांतला फरक मोजून बाकीच्यांनी जागा सांगायची. सातवीची पोरं वेडी झाली!

सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे एका नमुन्याला २२.७ मायक्रोसेकंद. तेवढ्यात ध्वनी ८ मिलिमीटर जातो, निम्मे केले की ४. पण आमची जागा चार मिलिमीटरपर्यंत काही कळत नाही, दहा-बारा सेंमी इकडेतिकडे होतेच. असं का?

गोदाकाठ
खडूफळा सर, फार छान प्रयोग. ४ मिलिमीटर हे घड्याळाचं लघुत्तम माप आहे, रिझोल्यूशन नव्हे. टाळीचा आवाज एकदम उभा चढत नाही, काही नमुने घेत घेत चढतो. तो कुठे सुरू झाला हे डोळ्याने ठरवताना १०-२० नमुने पुढेमागे होणारच. वर भिंतींचा प्रतिध्वनी. टाळीऐवजी दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटून बघा, चढ उभा होईल.

बालाघाटी, हे तुम्हालाही लागू. ऑसिलोस्कोपचा नमुना किती पिकोसेकंदांचा यावर टायमिंग ठरत नाही. पल्स (फोटोमल्टिप्लायरचा विजेचा सिग्नल) किती उभा चढतो आणि त्यावर गोंगाट किती, यावर ठरतं: गोंगाट भागिले चढाचा उतार. आणि मुळात टोकाला किती फोटॉन पोचले यावर. फोटॉन चौपट झाले तर टायमिंग साधारण निम्म्यावर येतं. म्हणून पट्टी आणि फोटोमल्टिप्लायर यांच्यामधल्या ऑप्टिकल ग्रीसमध्ये बुडबुडा राहू देऊ नका. महागड्या इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा तिथे मेहनत घेतली तर जास्त मिळतं.

नळीकॅमेरा
ग्रीसबद्दल शंभर टक्के सहमत.

मांजराकाठ
खडूफळा सर, एक सुचवू? हाच प्रयोग डिसेंबरच्या सकाळी आणि मे महिन्याच्या दुपारी करा. ध्वनीचा वेग दर अंशाला ०.६ मीटर प्रति सेकंद वाढतो. १२ अंशांना ३३८, परभणीच्या ४२ अंशांत ३५६. पाच टक्के फरक. मध्यावरची टाळी दोन्ही वेळा बरोबर येईल, टोकाजवळची मात्र पाव मीटर चुकेल.

रेल्वेपटरी
मेमध्ये दुपारी व्हरांड्यात टाळ्या वाजवायला पोरं तयार झाली तर त्यांना उसाचा रस माझ्याकडून.

गोदाकाठ
मांजराकाठ यांनी फार नेमकं दाखवलं. वेग चुकला की मोजपट्टी ताणली जाते, धूसर होत नाही. बालाघाटी, तुमच्याकडे आणखी एक असंच प्रकरण असेल. दोन्ही टोकांच्या केबल सारख्या लांबीच्या आहेत का? एक मीटर जास्तीची केबल म्हणजे ५ नॅनोसेकंद, म्हणजे म्यूऑनची जागा जवळजवळ ३९ सेंमी सरकली. रिझोल्यूशन तेच राहील, पण सगळे म्यूऑन भलत्याच ठिकाणी दिसतील. तसंच लहान पल्स ठरावीक व्होल्टेज उशिरा ओलांडतो, मोठा लवकर. वेळ ठरावीक व्होल्टेजवर न घेता प्रत्येक पल्सच्या स्वतःच्या उंचीच्या २० टक्क्यांवर घ्या.

आणि माझा १५.५ वापरू नका. तुमच्या पट्टीचा वेग तुम्ही मोजा. छोटे सिंटिलेटर पट्टीवर दर दहा सेंमीला सरकवत फरक नोंदवा, आलेख सरळ रेषेत येईल. तिच्या उतारातून वेग निघतो.

बालाघाटी
सर, केलं. केबल वेगवेगळ्याच होत्या, आता एकाच रिळातून सारख्या कापल्या. २० टक्क्यांचीही पद्धत लावली. आलेख खरोखर सरळ आला! उतार सेंमीला ०.१३ नॅनोसेकंद, म्हणजे वेग १५.४. मध्यावरची रुंदी जवळपास आधीसारखीच, सिग्मा ०.४२५. गुणाकार ३.२७ सेंमी.

पण एक खटकतंय. माझा छोटा सिंटिलेटरच ४ सेंमी रुंद आहे. म्यूऑन त्या चार सेंमीत कुठूनही जात असणार. मग ३.२७ मध्ये त्याचाही वाटा असेल ना?

पैठणी
शाब्बास! हे स्वतःहून दिसलं ना, मग प्रोजेक्ट सार्थकी लागला. सारख्या पसरलेल्या ४ सेंमीचा सिग्मा म्हणजे ४ ÷ √१२, १.१५ सेंमी. वर्गांची वजाबाकी करा: १०.७ वजा १.३. वर्गमूळ ३.०६.

बालाघाटी
म्हणजे ३.१ सेंमी, आणि एका टोकाचं ०.२८ नॅनोसेकंद.

गोदाकाठ
बरोबर. रिपोर्टात असं लिहा: जागेचं रिझोल्यूशन ३.१ सेंमी, सिग्मा, पट्टीच्या मध्यावर, मोजलेला वेग १५.४ सेंमी प्रति नॅनोसेकंद, ट्रिगरची रुंदी वजा करून. एवढं लिहिलंत तर परीक्षकाला विचारायला काही उरत नाही. टोकांजवळचाही आकडा द्या. लांबच्या टोकाला प्रकाश कमी पोचतो, तिथे थोडं बिघडलेलं दिसेल.

हिंगोलीकर
एक विचारू का? अशीच दुसरी पट्टी खाली मीटरभर अंतरावर ठेवली तर म्यूऑन कुठून आला, ती दिशा बी कळंल का?

गोदाकाठ
कळेल. पट्टीच्या दिशेतला कोन. दोन्हींची चूक मिळून ३.१ गुणिले √२, भागिले १०० सेंमी, म्हणजे अडीच अंश.

बालाघाटी
पट्टी आहे सर, पण फोटोमल्टिप्लायर एकच शिल्लक आहे.

गोदाकाठ
मग रेल्वेपटरींची एकाच टोकाची युक्ती वापरा. खालच्या पट्टीचं रिकामं टोक काळं रंगवा, परावर्तित प्रकाश नको. म्यूऑन कधी आला ते वरच्या पट्टीच्या दोन वेळांच्या सरासरीतून घ्या, त्यात मीटरभर प्रवासाचे ३.३ नॅनोसेकंद मिळवा, तिरका असेल तर थोडे जास्त. खालच्या पट्टीची जागा सव्वापाच सेंमीपर्यंत कळेल, कोन साडेतीन अंशांपर्यंत. एका फोटोमल्टिप्लायरमध्ये वाईट नाही. लावा आणि आकडे इथेच टाका.